त्या चिखलाच्या बाटल्यांचं पुढे काय झालं?

परवा रविवारी सकाळी बाबा ओट्यावर पागाला, म्हणजे हाताने फेकायच्या जाळ्याला, गाठी मारत बसलेले, मी चहा नेऊन दिला, तर तंगूस (नायलॉनचा दोरा) दातात धरूनच म्हणाले, "गो, त्या बाटल्यांचा काय जाला? तू त्याच लायनीत हायस ना?" हा प्रश्न त्यांनी मला वर्षातून दोनतीनदा तरी विचारलाय आणि माझ्याकडे कधीच उत्तर नसतं. या वेळी मात्र तो डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसले.

तर बाटल्यांची गोष्ट अशी. आम्ही ऐरोलीच्या दिवा कोळीवाड्यातले. मी बारावीत असताना, म्हणजे वीसेक वर्षं झाली, एक टीम आलेली, दोन परदेशी माणसं आणि चारपाच आपल्याकडचे विद्यार्थी. कुठल्या संस्थेचे ते आम्हाला तेव्हाही नीट कळलं नव्हतं. त्यांनी बाबांची होडी तीन दिवस भाड्याने घेतली. विटाव्याच्या बाजूपासून पार वाशीच्या पुलापर्यंत ठिकठिकाणी लोखंडी जबड्यासारखं एक यंत्र दोरीने खाली सोडायचे, तळाचा चिखल वर काढायचे, तो बाटल्यांत भरायचे, वर स्टिकर, स्टिकरवर नंबर. पाण्याच्या बाटल्या वेगळ्या. संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसून बाबांना आणि शेजारच्या काकांना प्रश्न विचारायचे, पूर्वी काय मासळी मिळायची, आता काय मिळते, कालवं कुठल्या साली गेली, जिताडा शेवटचा कधी लागला. आईने त्यांना निवट्यांचं, म्हणजे चिखलातल्या छोट्या माशांचं, कालवण आणि तांदळाची भाकरी वाढलेली. जाताना सगळ्यांनी हात जोडले, रिपोर्ट पाठवतो म्हणाले, आणि त्यानंतर काहीच नाही. ना रिपोर्ट, ना फोन, ना कोणी परत आलं. भाड्याचे पैसे मिळाले, त्याबद्दल तक्रार नाही. पण बाबांना पैशाचं नव्हतं काही, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं की त्या चिखलात काय सापडलं.

त्या तीन दिवसांमुळेच मी झूऑलॉजी घेतलं असं म्हटलं तरी चालेल, आणि आता मी तळोजा एमआयडीसीत एका मासळी एक्स्पोर्ट करणाऱ्या कंपनीच्या लॅबमध्ये आहे, ११ वर्षं झाली. ऐरोलीहून लोकलने बेलापूर, तिथून मेट्रोने पेंधर, पुढे कंपनीची बस. मेट्रो २०२३ च्या नोव्हेंबरात सुरू झाली आणि माझा रोजचा जवळजवळ पाऊण तास वाचला, ते सोडा.

लॅबमध्ये माझं मुख्य काम म्हणजे माकूल, इंग्रजीत स्क्विड. युरोपला आपल्याकडून खूप माकूल जातं आणि युरोपचा नियम आहे की माकुलात कॅडमियम किलोमागे १ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. कॅडमियम हा जड धातू, माकुलाच्या पोटातल्या पाचक ग्रंथीत साठतो, साफ करताना तो भाग फुटला की मांसाला लागतो, म्हणून साफ करणाऱ्या बायकांना शिकवण्यापासून ते मशिनवर नमुना लावण्यापर्यंत सगळं आम्ही बघतो. एखाद्या लॉटमध्ये आकडा थोडा जरी वर गेला तरी सगळा लॉट बाजूला. म्हणजे विचार करा, स्पेनमधल्या कुठल्यातरी घरातल्या ताटात जाणाऱ्या माकुलाच्या तुकड्यात किती कॅडमियम आहे ते मला दशांश चिन्हानंतर दोन आकड्यांपर्यंत माहिती असतं. आणि बाबा खाडीतून जे बोय आणि चिंबोऱ्या आणतात, ज्या आम्ही स्वतः खातो, आई बाजारात विकते, त्यात काय आहे ते मला माहिती नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने साठच्या दशकापासून या खाडीच्या काठावर आहेत, दोन्ही काठांवरच्या शहरांचं सांडपाणी तिच्यात येतं. अभ्यास झालेत, पेपर आहेत, मी त्यातले काही कॉलेजात असताना वाचलेत. पण रोजच्या रोज, लॉटमागून लॉट, जशी त्या युरोपच्या ताटाची काळजी घेतली जाते तशी आमच्या ताटाची घेणारी यंत्रणा आमच्या बाजारात मी पाहिलेली नाही.

मला युरोपचा राग नाही. उलट त्यांच्या नियमांमुळे मी हे काम शिकले, आणि नियम चांगलाच आहे. सांगायचं एवढंच की ज्याने प्रश्न विचारला त्याला उत्तर मिळालं. समुद्रावरच्या संशोधनात देश एकमेकांना मदत करतात, करार होतात, जहाजं येतात, त्या सगळ्यात मला आता पहिली गोष्ट हीच बघावीशी वाटते की प्रश्न कोणाचा आहे.

नॉर्वेचं उदाहरण घ्या, हे मला खूप दिवस सांगायचं होतं. १९५२ साली भारत, नॉर्वे आणि युनायटेड नेशन्स यांच्यात करार झाला आणि केरळात कोल्लमजवळ नीण्डकरा भागात मच्छीमारीचा प्रोजेक्ट सुरू झाला. एखाद्या गरीब देशाला मदत करण्याच्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या प्रोजेक्टपैकी तो एक. हेतू चांगला होता, इंजिनाच्या होड्या, बर्फाचा कारखाना, गावाला दवाखाना, पिण्याचं पाणी. प्रश्न होता, जास्त मासळी कशी पकडता येईल. उत्तरही मिळालं. पुढे कोळंबीला परदेशात भाव आला, तळावरून जाळं ओढणाऱ्या मोठ्या बोटी, म्हणजे ट्रॉलर आले, बाहेरचा पैसा आला आणि समुद्राचा तळ खरवडून निघायला लागला. सत्तर-ऐंशीच्या दशकात तिथल्या पारंपरिक मच्छीमारांचे आणि ट्रॉलरवाल्यांचे मोठे संघर्ष झाले, शेवटी १९८८ मध्ये केरळ सरकारला पावसाळ्यात ट्रॉलिंग बंद करावं लागलं. म्हणजे शास्त्र खरं होतं, मदत खरी होती, माणसंही चांगलीच असणार, फक्त किती मासळी समुद्रात ठेवायची हा प्रश्न कोणी टेबलावर ठेवलाच नव्हता. आणि आता तोच नॉर्वे काय करतो, तर एफएओच्या, म्हणजे युनायटेड नेशन्सच्या अन्न आणि शेती संघटनेच्या, सोबत डॉ. फ्रिट्यॉफ नान्सेन नावाचं संशोधन जहाज चालवतो, १९७५ पासून, सध्याचं तिसरं जहाज २०१७ मध्ये आलं, युनायटेड नेशन्सच्या झेंड्याखाली ते आफ्रिका आणि आशियाच्या देशांच्या समुद्रात जाऊन मासळीचे साठे मोजतं. भारताशीही २०१९ मध्ये त्यांचा समुद्राविषयी करार झाला. देश तोच, पण प्रश्न बदलला. मला यातून धीर येतो, कारण प्रश्न बदलता येतो हे त्यात दिसतं.

आता माझा उरणजवळच्या करंजा गावचा मामा. त्याची मोठी बोट आहे, तो बाहेर दर्यात जातो, आमच्यासारखा खाडीत नाही. त्याची मासळी तळोज्याला आली की खोक्यावर एक नंबर छापला जातो, एफएओ ५१. जगातले समुद्र मासेमारीसाठी एफएओने भागांत वाटलेत, त्यातला ५१ म्हणजे पश्चिम हिंद महासागर. मी एकदा मामाला नकाशा दाखवला मोबाईलवर, की तुझ्या खोक्यावर ५१, ओमानच्या बोटीच्या खोक्यावर पण ५१, केनियाच्या पण ५१. मामा बराच वेळ बघत राहिला आणि मग म्हणाला, "मंग आमी थांबलो नि त्यांनी मारली तर?" एवढ्या सरळ भाषेत मी हा प्रश्न कुठल्याच सेमिनारमध्ये ऐकलेला नाही. आपल्याकडे पावसाळ्यात बंदी असते, नारळी पौर्णिमेच्या सुमारास होड्या परत निघतात, २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवली, सीएमएफआरआय या केंद्राच्या सागरी मासळी संशोधन संस्थेच्या शिफारशींवरून, की याच्याहून लहान मासा पकडायचा नाही. पण सुरमई काही आपल्याच हद्दीत बसून राहत नाही. तिचा हिशेब सेशेल्समध्ये मुख्यालय असलेल्या इंडियन ओशन ट्यूना कमिशनमध्ये होतो, १६ जाती त्यांच्याकडे आहेत, ट्यूनासोबत सुरमईपण. आणि तो हिशेब कशावर चालतो, तर प्रत्येक देश किती पकडली म्हणून जो आकडा देतो त्यावर. एका देशाने आकडा अंदाजे दिला की सगळ्यांचा अंदाज चुकतो. त्यामुळे मामाच्या बोटीवर किती सुरमई आली हे नीट लिहिलं जाणं हे मला फार मोठं काम वाटतं, त्याला स्वतःला ते कटकटीचं कागदकाम वाटतं, आणि त्याला दोष देता येत नाही, कारण तो कागद पुढे कुठे जातो हे त्याला कोणी सांगितलेलंच नाही.

बाजाराच्या धाकाने पण बदल होतात, ते पण सांगते. २०१९ पासून अमेरिकेने आपली समुद्रात पकडलेली कोळंबी घेणं बंद केलं, कारण आपल्या ट्रॉलच्या जाळ्यात कासवं अडकतात. शेततळ्यात वाढवलेली व्हनामी जातीची कोळंबी चालते, दर्यातली नाही. मग कोचीच्या सीआयएफटी या मासेमारी तंत्रज्ञानाच्या संस्थेने आणि अमेरिकेच्या नोआ या समुद्र-हवामान संस्थेच्या तज्ज्ञांनी मिळून जाळ्यात बसवायची कासवाची जाळी तपासली, धातूच्या गजांची चौकट असते, कोळंबी गजांमधून मागे जाते आणि कासव चौकटीला धडकून वरच्या किंवा खालच्या फटीतून बाहेर पडतं. चांगली गोष्ट आहे, व्हायलाच हवी होती. कासवांचं आपल्याला पण प्रेम आहेच की, २०२३ मध्ये गुहागरहून बागेश्री नावाच्या कासवीला सॅटेलाइट टॅग लावला तर ती केरळ, श्रीलंका करत पार बंगालच्या उपसागरात गेली आणि आमच्या लॅबमधल्या मुली रोज तिचा नकाशा बघायच्या. फक्त बागेश्रीचा विचार आपण स्वतःहून केला आणि जाळ्याचा विचार कोळंबी बंद झाल्यावर केला, हे मला टोचतं.

सगळंच असं उलटं नाही. जे खरंच वाटून घेतलं जातं त्याचा फायदा मामाला रोज होतो. आर्गो नावाच्या तरंगत्या नळ्या आहेत, जगभरच्या समुद्रात ४ हजारांच्या आसपास, तीसेक देशांनी मिळून सोडलेल्या. नळी १००० मीटर खोल जाऊन वाहत राहते, साधारण दहा दिवसांनी २००० मीटरपर्यंत बुडी मारून वर येताना तापमान आणि खारटपणा मोजते आणि सॅटेलाइटला पाठवते. तो डेटा कोणालाही फुकट मिळतो. आपल्याकडे हैदराबादचं इन्कॉइस, समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था, हे काम बघतं, आणि मासळी कुठल्या पट्ट्यात मिळण्याची शक्यता आहे ते सॅटेलाइटवरून काढून मराठीतही कळवतं. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ अलिबागजवळ धडकलं तेव्हा मामाची बोट दोन दिवस आधीच बंदरात बांधलेली होती. ते वादळ किती जोर धरणार हे समुद्र खोलवर किती तापलाय यावरही ठरतं, आणि ते मोजायला दुसऱ्या देशांच्या नळ्याही लागतात. या नळ्या कोणाच्या झेंड्याच्या आहेत हे मामाला विचारायची गरज पडत नाही, आणि तसंच असायला हवं.

आणि मुंबई बंदराची एक गोष्ट आहे जी आमच्या भागात फार कमी लोकांना माहिती आहे. जहाजं रिकामी येताना तोल राखायला समुद्राचं पाणी भरून आणतात, बॅलास्ट वॉटर, आणि ते इथे सोडतात, त्या पाण्यातून दुसऱ्या समुद्रातले जीव इथे येतात. काही बुडाला चिकटूनही येतात. मध्य अमेरिकेकडची एक छोटी शिंपली विशाखापट्टणमला १९६७ च्या सुमारास सापडली आणि नंतर मुंबई बंदरातही, गुच्छच्या गुच्छ चिकटलेले. तर २००० ते २००४ या काळात ग्लोबॅलास्ट नावाचा आंतरराष्ट्रीय प्रोजेक्ट झाला, सहा देशांतली सहा बंदरं निवडली, ब्राझील, चीन, इराण, दक्षिण आफ्रिका, युक्रेन आणि आपल्याकडचं मुंबई, आणि बंदरात मुळात काय काय जगतं याची पाहणी केली. आमच्या खाडीचं तोंड त्याच बंदरात आहे. २००४ मध्येच बॅलास्ट वॉटरचा जागतिक करार झाला, २०१७ मध्ये लागू झाला. मला हे वाचून इतकं बरं वाटलं की काय सांगू, कारण इथे प्रश्न आमच्या पाण्याचाच होता. पण आमच्या कोळीवाड्यात एकाही माणसाला यातलं काही कळवलेलं मला आठवत नाही.

आमच्या घरापासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर कोस्टल अँड मरीन बायोडायव्हर्सिटी सेंटर आहे, वन विभागाच्या कांदळवन कक्षाचं, जर्मन सरकारच्या जीआयझेड या मदत संस्थेच्या सहकार्यातून उभं राहिलेलं. तिथून फ्लेमिंगो बघायच्या बोटी सुटतात, शनिवार-रविवारी गर्दी असते. ठाणे खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर या आंतरराष्ट्रीय यादीत गेली, त्याचा मला मनापासून अभिमान आहे. पण बाबांचं म्हणणं पण ऐका. ते म्हणतात, आमच्या लहानपणी हे पक्षी असे नव्हते, कालवं होती, आता कालवं नाय नि पक्षी हायत. फ्लेमिंगोची लेसर नावाची छोटी जात पाण्यातलं बारीक शेवाळ खाते आणि सांडपाण्याने ते शेवाळ वाढतं असं बरेच अभ्यासक सांगतात. म्हणजे ज्या पाण्याने पाहुणे बोलावले त्याच पाण्याने घरची मासळी घालवली असेल का? मला हा प्रश्न नीट, पैसे लावून, दहा वर्षं चालवून अभ्यासला गेलेला बघायचाय. फ्लेमिंगो नको असं बाबांनी कधीच म्हटलेलं नाही. तिवरं तोडायला तर ते कोणाला हात लावू देत नाहीत.

आता बाटल्यांकडे येते. समुद्राच्या कायद्याचा जो मोठा आंतरराष्ट्रीय करार आहे, १९८२ चा, त्याच्यात कलम २४९ आहे. परदेशी संशोधकांनी एखाद्या देशाच्या किनाऱ्यापलीकडच्या आर्थिक क्षेत्रात काम केलं तर त्या देशाला रिपोर्ट द्यायचा, डेटा द्यायचा, नमुने बघू द्यायचे, आणि मागितलं तर अर्थ समजावून द्यायला मदत करायची. हे वाचलं तेव्हा मी मेट्रोत होते आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं खरंच. कारण म्हणजे बाबा जे मागत होते ते काही जगावेगळं नव्हतं, खाडीसाठी नसलं तरी बाहेरच्या दर्यासाठी ते कायद्यातच लिहिलेलं आहे. पण ते देशाला द्यायचंय. दिल्लीला रिपोर्ट गेला की कायद्याचं काम झालं, दिव्याला तो पोचलाच पाहिजे असं त्यात नाही. खुल्या समुद्राच्या, म्हणजे कुठल्याच देशाच्या हद्दीत नसलेल्या समुद्राच्या, नव्या करारावर भारताने २०२४ मध्ये सही केली, २०२६ च्या जानेवारीत तो लागूही झाला, त्यात तर समुद्रातल्या जीवांच्या नमुन्यांतून जे मिळेल ते वाटून घ्यायचं असं ठरलंय. हेच किनाऱ्यापर्यंत का आणू नये? ज्या होडीतून नमुना काढला त्या होडीवाल्याला दोन पानं, मराठीत, मोठ्या अक्षरात, काय सापडलं आणि काय नाही सापडलं. एवढी अट कुठल्याही प्रोजेक्टच्या करारात घालायला किती खर्च येतो?

आणि उलट्या बाजूने पण माहिती जायला हवी. बाबांना शाळा चौथीपर्यंत, पण कुठल्या तिथीला उधाण कुठपर्यंत चढतं, भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या पाण्यात कुठे बोय लागते, कुठल्या साली कुठल्या बाजूचा गाळ वाढला हे सगळं त्यांच्या डोक्यात आहे. पन्नास वर्षांचा डेटा आहे तो. त्यांच्यात चुका नाहीत असं मी म्हणणार नाही, बारीक जाळ्यात पिल्लं येतात हे ते स्वतः कबूल करतात आणि येतात तर काय करू असंही विचारतात. पण हे ज्ञान मोजून घ्यायची, तपासून घ्यायची पद्धत शास्त्रज्ञच बसवू शकतात, आम्ही एकट्याने नाही.

त्या रविवारी दुपारी मी एक जाड वही आणली, लांब रेघांची. बाबा सांगतात, मी लिहिते. तारीख, तिथी, उधाण की भांग, कुठे पाग टाकला, काय मिळालं, पाण्याचा रंग आणि वास. आठ पानं झालीत. पहिल्या दिवशी बोय नऊ, चिंबोरी चार, एक शिंगाळा. मापं पण घेतोय, माझ्या लॅबमधली जुनी पट्टी आहे. पाण्याचा वास कसा लिहायचा यावर आमचं भांडण झालं, बाबा म्हणाले, "वास म्हंजे वास, लिव," शेवटी त्यांनी तीन प्रकार सांगितले ते मी त्यांच्याच शब्दांत लिहिलेत.

आणि हे वाचणाऱ्यांत कोणी असेल, तेव्हा विद्यार्थी असाल, आता कदाचित मोठ्या पदावर असाल, इथे असाल किंवा परदेशात. निळ्या रंगाची होडी, पुढे नारळाचं चित्र, विटाव्याकडून सुरुवात केलेली, पांढऱ्या झाकणांच्या बाटल्या, आणि आमच्या घरी निवट्यांचं कालवण जेवलात. रागावणार नाही कोणी. रिपोर्ट इंग्रजीत असला तरी चालेल, मी बाबांना वाचून दाखवेन. खाली कमेंटमध्ये लिहा.